हे म्हणणे खरे नाही की…

रविवार, रात्री साडेअकरा

भाचीने पाठवलेला चित्रपट अखेर आज पाहिला. महिना झाला पेनड्राइव्ह देवघरातल्या खणात पडून होता. ती पुण्यात सिनेमाचं शिकते आणि 'मावशी, हा तू बघच, यात टायपिस्ट आहेत' एवढंच सांगून तिने फोन ठेवला होता. बाकी काय आहे ते मुद्दाम सांगितलं नसणार. ह्यांना नऊ वाजता झोप लागली, हे बरंच झालं.

नाव 'प्रोटिअस'. २००३ सालचा, कॅनडाचे जॉन ग्रेसन आणि दक्षिण आफ्रिकेचे जॅक लुईस या दोघांनी मिळून केलेला. कधी थिएटरात लागल्याचं ऐकलं नाही आणि इकडे लागण्यासारखाही नाही. गोष्ट खरी आहे. केप टाउनच्या समोर समुद्रात रॉबेन आयलंड नावाचं बेट आहे. आपल्याला ते मंडेलांचं बेट म्हणून ठाऊक. त्यांच्या कितीतरी आधी, डचांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या काळातही ते कैद्यांचंच बेट होतं. तिथे क्लास ब्लांक नावाचा खोइखोइ जमातीचा कैदी आणि रिकहार्ट याकोब्झ नावाचा डच खलाशी कैदी यांचं एकमेकांवर मन बसलं. वर्षानुवर्षं ते चाललं, आणि १७३५ च्या ऑगस्टमध्ये दोघांना शिक्षा झाली ती टेबल बेच्या पाण्यात बुडवून मारण्याची.

मन बसलं, असं मी आत्ता लिहिलं खरं. चित्रपटात सुरुवातीला हा मामला अजिबात गोड नाही. संशय, तुच्छता, तू काळा मी गोरा, आणि तरी दोघांच्याही पायात बेड्या. त्यातून हळूहळू काहीतरी उगवतं, आणि ते काय आहे हे दोघांनाही नीट सांगता येत नाही. पडद्यावर बरंच काही उघड दाखवलंय. दोनदा मी आवाज बंद केला आणि एकदा उठून दाराची कडी पाहून आले. बासष्टाव्या वर्षी स्वतःच्याच घरात!

पण झोप उडाली ती त्यामुळे नाही. टायपिस्टांमुळे उडाली.

गोष्ट अठराव्या शतकातली. कपडे, जहाजं, कोर्ट, सगळं त्या काळचं असेल असं धरून बसले होते. आणि समोर आल्या तीन बायका, साधना–आशा पारेखच्या जमान्यातले उंच फुगवलेले केस, समोर टाइपरायटर, खटल्याचं कामकाज बडवतायत. पहारेकऱ्यांच्या अंगावर खाकी गणवेश. मध्येच एक जीप. ट्रान्झिस्टर. मला वाटलं भाचीने चुकून दोन चित्रपट एकत्र जोडून पाठवलेत. मग कळलं की हे मुद्दाम केलंय. १७३५ मध्ये १९६४ मिसळलंय. १९६४ म्हणजे मंडेला आणि त्यांच्या साथीदारांना जन्मठेप होऊन याच बेटावर आणलं ते साल. तेव्हा त्या देशात गोऱ्या माणसाने काळ्या माणसाशी लग्न करणं गुन्हा, शरीरसंबंध ठेवणं गुन्हा आणि पुरुषाने पुरुषाशी ठेवणं तर गुन्हा होताच. दोन काळांतलं अंतर दोनशे तीस वर्षांचं, पण फायलीतली भाषा एकच.

आणि त्या बायका एका शब्दाशी अडखळतात. साक्षीदार एका भाषेत बोलतोय, कोर्ट दुसऱ्या भाषेत ऐकतंय, कागद तिसऱ्या भाषेत होतोय. हा शब्द कसा लिहायचा? कोर्टात टायपिस्ट म्हणून एकतीस वर्षं मी नेमकं हेच केलं. मालवणीत ऐकायचं, साहेब सांगतील ते प्रमाण मराठीत नाहीतर इंग्रजीत उतरवायचं. स्क्रीनवर स्वतःलाच पाहिल्यासारखं झालं, फक्त माझे केस तसे कधी फुगले नाहीत.

आणखी एक. 'ब्लांक' या डच शब्दाचा अर्थ पांढरा, गोरा. काळ्या कैद्याचं आडनाव 'गोरे'. कंपनीच्या कुठल्या कारकुनाने ते चिकटवलं असेल? त्याला आईबापांनी काही नाव ठेवलंच असेल की. दप्तरात ते नाही.

सोमवार, दुपारी

सकाळी बाजारातून येताना डच वखारीकडून आले. वेंगुर्ल्यात जन्म गेला, पण त्या पडक्या इमारतीकडे कधी थांबून पाहिलं नव्हतं. शाळेत असताना तिकडे जाऊ नका, भुतं आहेत, म्हणायचे. छप्पर गेलंय, भिंतींतून मुळं उतरलीत, जांभा काळा पडलाय. सतराव्या शतकात गोव्याच्या पोर्तुगिजांची समुद्रावर कोंडी करायला डचांना जवळचं ठाणं हवं होतं, म्हणून ही वखार. इथले कारकून बटाव्हियाला, म्हणजे आताच्या जकार्ताला, पत्रं धाडायचे. शिवाजी महाराजांच्या हालचालींच्या बातम्यासुद्धा त्या पत्रांत आहेत, इतिहासाच्या अभ्यासकांना ती ठाऊक असतात.

म्हणजे तीच कंपनी. १६०२ साली निघालेली, सगळं लिहून ठेवणारी. मिरीचे किती पोते, कापडाचे किती गठ्ठे, कोण मेला, कोण पळाला, कोणाला फटके. केपला त्यांनी १६५२ मध्ये ठाणं बसवलं आणि तिथे राबायला जे गुलाम नेले त्यांत आपल्याकडचेही होते. बंगालचे, मलबारचे, कोरोमंडल किनाऱ्यावरचे. नावापुढे 'व्हान बेंगाले', 'व्हान मलबार' असं लावायचं की झालं, माणसाचं गाव हेच आडनाव. आपणही कोकणात गावावरून आडनाव लावतो, पण ते आपलं आपण लावतो.

या कंपनीच्या कागदपत्रांना युनेस्कोने जगाच्या स्मृतिठेव्यात घातलं तेही २००३ सालीच, ज्या साली हा चित्रपट आला. योगायोगच, पण मला बोचला. क्लास आणि रिकहार्ट होऊन गेले हे आपल्याला ज्या कागदावरून कळतं, तोच कागद त्यांना समुद्रात घेऊन गेला. कोणी तक्रार केली नसती, कोणी लिहून घेतलं नसतं, तर ते कदाचित म्हातारे होऊन मेले असते आणि आपल्याला त्यांचं नावही ठाऊक नसतं. कुठलं बरं, हा प्रश्न मी वखारीसमोर उभी राहून स्वतःला विचारला. उत्तर आलं नाही, आणि हातातल्या पिशवीतले बांगडे उन्हात खराब होतील म्हणून घरी आले.

संध्याकाळी, तोच दिवस

फुलाबद्दल लिहायचं राहिलं.

प्रोटिआ म्हणजे क्रिकेटमुळे आपल्या ओळखीचं नाव. दक्षिण आफ्रिकेच्या संघाला प्रोटिआज म्हणतात, त्यांचं राष्ट्रीय फूल ते. मोठं, आर्टिचोकसारखं, मध्ये केसाळ. (आर्टिचोक मी पाहिलेला नाही. भाचीचा शब्द. मला ते फोटोत केवड्याच्या कणसाला कमळाच्या पाकळ्या लावल्यासारखं दिसलं.) या वंशातल्या जाती इतक्या वेगवेगळ्या रूपाच्या की लिनिअस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला रूप पालटणाऱ्या ग्रीक समुद्रदेवाचं, प्रोटिअसचं नाव दिलं. साल १७३५. तेच, बुडवल्याचं साल.

चित्रपटात व्हर्जिल निव्हन नावाचा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ आहे. तो बेटावर बाग करायला येतो, कैद्यांना कामाला लावतो, आणि क्लासकडून झाडांची स्थानिक नावं काढून घेतो. क्लासला नावं माहीत आहेत, गोऱ्याला वही आहे. निव्हनची नजर रोपावर असते तशीच क्लासवरही असते, आणि त्याला स्वतःबद्दल जे कबूल करता येत नाही ते तो शास्त्र म्हणून वहीत लिहितो. हे पात्र मला चांगलं जमलेलं वाटलं, जरी त्याचे प्रसंग जरा लांबतात. १७३० मध्ये नेदरलँड्समध्ये उट्रेख्टपासून अशा पुरुषांच्या धरपकडीची लाट उठली होती, खटले, फाशा, गळा आवळणं, बुडवणं. तिची सावली त्याच्यावर पडते. घाबरलेला माणूस दुसऱ्याच्या बाबतीत किती निष्ठूर शास्त्रज्ञ होऊ शकतो, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसतं.

रात्री मी लिनिअसबद्दल वाचत बसले. याच १७३५ साली त्याचं सृष्टीच्या वर्गवारीचं पुस्तक लायडनला छापलं गेलं. त्यात फुलांची वर्गवारी पुंकेसर आणि स्त्रीकेसर मोजून केलेली. तो याला झाडांची लग्नं म्हणायचा. एक नवरी आणि वीस नवरे एका शेजेवर, असली वर्णनं. त्या काळच्या एका विद्वानाला हे इतकं अश्लील वाटलं की त्याने जाहीर निषेध केला. आणि त्याच पुस्तकात माणसांचेही चार प्रकार पाडलेत. युरोपी पांढरा, अमेरिकी तांबूस, आशियाई सावळा, आफ्रिकी काळा. पुढच्या, १७५८ च्या आवृत्तीत तर त्याने विचित्र माणसांचा एक वेगळा गट केला आणि खोइखोइ पुरुषांना त्यात टाकलं. कारण काय, तर प्रवाशांनी सांगितलेली त्यांच्या गुप्तांगाविषयीची एक कंडी. विज्ञान म्हणून छापली.

फुलाला वीस नवरे चालतात. याकोब्झला एक चालला नाही.

(हे वाक्य लिहून झाल्यावर मलाच जरा नाटकी वाटलं. राहू दे, रोजनिशी आहे.)

बुधवार

भाचीचा फोन. तिला वाटलं होतं मी रागावेन. तिला म्हटलं, रागावले नाही, पण तुझ्या या ग्रेसनला माझ्यासारखीचं काही सांगणं आहे. जीप आणि ट्रान्झिस्टर दर दहा मिनिटांनी कशाला? एकदा कळलं की कळलं. ती म्हणाली, 'मावशी, ते डिस्टन्सिंग आहे. तू गोष्टीत रमू नयेस, म्हणून.' म्हटलं, बाळा, एकतीस वर्षं कोर्टात बसलेल्या बाईला गोष्टीत न रमायला शिकवायला नको. दिवसाला चार घरं मोडलेली ऐकायची आणि चहाच्या वेळी खारी खायची.

मग मी तिला विचारलं, दोघांमधलं हे प्रेम होतं हे कशावरून? कोर्टाच्या कागदात तर फक्त कोणी काय केलं, कधी केलं, कोणी पाहिलं एवढंच असणार. ती गप्प. मग म्हणाली, 'म्हणूनच तर सिनेमा काढला ना.' हे बरोबर बोलली. कागदात कृत्य असतं. कृत्याच्या आजूबाजूची दहा वर्षं नसतात. एकाने दुसऱ्यासाठी भाकरीचा तुकडा ठेवला होता का, थंडीत पांघरूण कोणाचं होतं, भांडण कशावरून व्हायचं, हे विचारायचा प्रश्न कुठल्याही वकिलाच्या यादीत नसतो. दिग्दर्शकांनी ते मनाने भरलं. आणि जिथे भरता येत नाही तिथे टाइपरायटर आणून ठेवला, की बघा, इथे आमच्या हाताशी फक्त हे आहे. ही माझी उपपत्ती. भाचीला पटली नाही. ती म्हणते मी फार कोर्टाच्या बाजूने बघते.

दुसरी एक गोष्ट ती बोलली ती मात्र मनात राहिली. ती म्हणाली, रंगाचा आणि लैंगिकतेचा असे दोन विषय या चित्रपटात नाहीतच, एकच आहे. बेटावर सगळ्यांना त्या दोघांबद्दल बरीच वर्षं ठाऊक होतं, मग अचानक १७३५ मध्येच ते असह्य का झालं? कोणीतरी तेव्हा यादी करायला बसलं होतं. गोरा इथे, काळा तिथे, हे नैसर्गिक, ते अनैसर्गिक. दोन रकाने सोडून एक माणूस मधल्या रेघेवर उभा राहिला की कारकुनाची पंचाईत होते.

मला दंडसंहितेचं कलम ३७७ आठवलं. १८६० च्या कायद्यातलं, इंग्रजांनी आणलेलं. मराठी प्रतीत मथळा होता 'अनैसर्गिक अपराध' आणि खाली 'निसर्गक्रमाविरुद्ध'. हे शब्द मी किती वेळा टाइप केले असतील. बहुतेक वेळा ती खरोखर जबरदस्तीची, लहान पोरांवरची प्रकरणं असायची आणि बोटं आपोआप चालायची. निसर्गाचा क्रम कोणी ठरवला, हा प्रश्न तेव्हा मनातही आला नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते कलम संमतीच्या संबंधांपुरतं काढलं, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये परत बसवलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला पुन्हा काढलं. त्या दिवशी मी कोर्टातच होते. बाररूममध्ये थोडे विनोद झाले, दोन वाजता कामकाज सुरू झालं. दक्षिण आफ्रिकेत हे त्याच्या वीस वर्षं आधी, १९९८ मध्ये झालं होतं. वर्णभेदातून बाहेर आल्यावर त्यांनी १९९६ ची राज्यघटना लिहिली तेव्हा लैंगिक कलावरून भेदभाव करायचा नाही हे त्यातच घातलं. ज्यांना रंगावरून रकान्यात कोंडलं होतं, त्यांना दुसरा रकाना लवकर दिसला असेल.

ह्यांनी आज विचारलं, रात्री काय बघतेस? म्हटलं, आफ्रिकेतला एक जुना खटला. 'निकाल काय लागला?' म्हटलं, दोघांना समुद्रात टाकलं. 'खुनाचा होता?' नाही म्हटलं. त्यांनी पेपरातून डोकं वर काढून माझ्याकडे पाहिलं आणि परत घातलं. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं पुरतं.

शनिवार, पहाटे

झोप येत नाही म्हणून लिहून टाकते. चित्रपट पाहिल्या रात्रीपासून हे वर येतंय आणि मी लिनिअस, वखार, कलमं असं सगळं लिहीत बसले.

नोकरीला लागून पाच-सहा वर्षं झाली असतील. गावाचं नाव लिहीत नाही. दिवाणी दावा होता, साध्या कौलारू घराचा आणि दहा-बारा माडांचा. मालक वारला होता, लग्न केलेलं नव्हतं. पुतण्यांनी दावा लावला की घरात जो म्हातारा राहतोय तो नात्याचा ना गोत्याचा, त्याला बाहेर काढा. तो म्हातारा म्हणजे प्रतिवादी. जातीनेही वेगळा, आणि हे वादीच्या वकिलांनी उलटतपासात दोनदा सुचवलं. काळासा, सुरकुतलेला, धुवून पिवळट झालेला सदरा. पिंजऱ्यात कठडा धरून उभा.

आमच्याकडे साक्ष लिहिताना प्रश्न लिहीत नाहीत. प्रश्न आणि उत्तर मिळून एक वाक्य करतात आणि ते साक्षीदाराच्या तोंडी घालतात. 'हे खरे आहे की…' किंवा 'हे म्हणणे खरे नाही की…' साहेब सांगत जातात, आपण बडवत जायचं. वकिलांनी विचारलं, मयताशी तुमचं नातं काय? म्हातारा बराच वेळ बोलला नाही. वकील परत म्हणाले, नातं सांगा. तेव्हा तो म्हणाला,

"नातां कसलां सांगू? तीस वर्सां एका चुलीर जेवलंव आमी."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. साहेबांनी हातोडा नाही, नुसतं पेन टेबलावर आपटलं. मग मला सांगितलं आणि मी टाइप केलं: 'हे खरे आहे की, मयत माझा नातेवाईक नव्हता.' उत्तर बरोबरच होतं. कायद्याने त्यात एक अक्षर चूक नाही. पुढे वकिलांनी आणखी काही सुचवलं, आवाज खाली आणून, आणि त्यावर म्हाताऱ्याने मान खाली घातली. साहेब चांगले होते. ते म्हणाले, हा प्रश्न मी होऊ देणार नाही. म्हणून तोही कागदावर आला नाही.

साक्ष संपली की ती साक्षीदाराला वाचून दाखवायची असते. 'वाचून दाखविले, बरोबर आहे', त्याखाली सही. मी वाचली. दीड पान. म्हातारा मान हलवत ऐकत होता. वाचून झाल्यावर मी शाईचा पॅड पुढे केला. त्याने अंगठा वर धरला आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "बाय, चुलीचां खंय गेलां?"

मी तेव्हा बत्तीस-तेहतीसची. दावा तीन नंबरचा, पुढे अजून नऊ होते. मी म्हटलं, "ता लिवचा नसता, आजोबा."

"बरां," म्हणाला, आणि पॅडवर अंगठा दाबला.